अर्ध्या तासात टेबलावर

वर्कसॉपच्या या गल्लीत चारलाच दिवे लागतात.
भिंतीवरच्या पेटीतली किल्ली काढून मी दार उघडते,
फोनवर टिचकी मारते: आत आले, सहा वाजून दोन.
आता माझ्या हातात तीस मिनिटं.
गोळ्या, पायाची मलमपट्टी, पडदे, जेवण.

एनिडबाईंकडेही तीसच मिनिटं आहेत,
पण त्यांची पुस्तकात,
मुखपृष्ठावर, पिवळ्या फुगीर अक्षरांत:
सोपं, झटपट, घरगुती चिकन.
अर्ध्या तासात टेबलावर.

'पान बेचाळीस,' खुर्चीतून हुकूम येतो.
बेचाळीस म्हणजे लीक आणि क्रीम.
शोधावं लागत नाही,
पुस्तकाचा कणा तिथंच मोडलाय
आणि लोण्याचा एक डाग आरपार गेलाय
पुढच्या पानावरच्या लिंबाच्या चिकनपर्यंत.

समासात बारीक पेन्सिल:
क्लिफला कोरडं वाटलं.
तीस कसली, पन्नास लागली. खोटारडे मेले.
लीक नसतील तर कांदा चालतो.
जॅनेट आली होती, दोनदा वाढून घेतलं.
वर, 'चार जणांसाठी' मधला चार खोडून दोन.
दोन खोडून एक.

हे फ्रिजमधले तुकडे फार सभ्य आहेत.
हाड नाही, कातडी नाही,
कधी कुणाच्या अंगणात ओरडले असतील
असा संशयसुद्धा येऊ नये.

आमच्याकडं मिरजेत कोंबडी म्हणजे अख्खा रविवार.
आईला वास सोसायचा नाही,
म्हणून बाबा परसात तीन विटा मांडायचे.
तिचं पातेलं वेगळं, पळी वेगळी,
दोन्ही न्हाणीच्या मागं खिळ्याला.
सकाळी दहाला पेटलेली चूल,
पानात पडायला दुपारचे तीन,
तोवर आम्ही बहिणी एकमेकींना चावायच्या बेतात.
कृती विचारली की बाबा म्हणायचे, अंदाजानं.
तो कुठं मिळतो विचारलं
की धुरात डोळे पुसत हसायचे.

सहा वाजून एकवीस. लीक मऊ झाले.
एनिडबाई पहिला घास घेतात आणि चमचा ठेवतात.
'पुठ्ठा,' त्या म्हणतात. 'नवीन गोळ्या सुरू झाल्यापासून
सगळंच पुठ्ठा. तुझा दोष नाही.'

माझ्या कोटाच्या खिशात छोटी बाटली असते,
कांदा-लसूण मसाल्याची,
माझ्या स्वतःच्या डब्यासाठी.
नियमात बसत नाही हे मला ठाऊक आहे.
मी ताट उचललं, परत गॅसवर गेले,
चिमूटभर. मग आणखी थोडा.

त्यांना ठसका लागला.
नाक वाहिलं, कान लाल झाले,
मी पाणी घेऊन धावले, मनात माझा राजीनामा लिहीत.
'कुणी केलं हे?'
मी, म्हटलं.
त्यांनी रिकामं ताट पुढं सरकवलं.

मग पेन्सिल शोधायला लावली,
ती शिवणाच्या डब्यात निघाली.
'लिही. नाही, तुझ्या अक्षरात लिही,
माझ्यात बरीच वर्षं लिहून झालंय.'
जागा शोधून शोधून मी एकाच्या खाली लिहिलं:
कांदा-लसूण मसाला, क्रीमच्या आधी.
त्यांनी भिंग धरून पाहिलं बराच वेळ.
'हे तर दोरीवर वाळत घातलेले कपडे,' म्हणाल्या,
'पाऊस येईल, काढून घे.'
मग: 'किती घालायचा ते नाही लिहिलंस?'

अंदाजानं, मी म्हटलं,
आणि आवाज माझा वाटेना.

बसथांब्यावर फोन थरथरला.
ठरल्यापेक्षा अकरा मिनिटं जास्त. कारण निवडा:
पडझड. औषध. कुलूप. इतर.
बोटांना लसणाचा वास येत होता.
मी 'इतर' दाबलं.
खाली तपशिलासाठी एक चौकट उघडली,
ती तशीच ठेवली.
बस यायला अजून चार मिनिटं होती.