छाट

सकाळी उजवं मनगट उठलं नाही.
बाकीची मी उठले.
पाचव्या दिवसाचं पाणी आलं होतं,
हंडा डाव्या हातानं ओढला,
गुडघ्यानं ढकलला.
गुडघाही कालचा नव्हता.

आतड्याचं दुखणं अकरा वर्षांचं.
त्याच्या खोडी पाठ आहेत मला:
शेंगाचटणी कधी सोसते, कधी नाही,
कुठल्या कार्यालयात संडास जवळ.
आता हे कोण आलं?
त्याच्याच नात्यातलं, की वाट चुकलेलं?

सिव्हिलमध्ये सात नळ्या रक्त घेतलं.
सगळं नॉर्मल, म्हणाले डॉक्टर,
आणि सुजलेलं बोट दाबून
माझ्या तोंडाकडे बघत राहिले.
"जुन्या आजाराचं असेल. गोळ्यांचं असेल. बघू."
त्या 'बघू'चा राग नाही आला.
निदान खोटं तरी नाही बोलले.

कारखान्यात चेकर बंडल उलगडतो,
वाकडी विडी दिसली की छाट.
माझ्या रिपोर्टात एकही छाट नाही
आणि सुपात आज चारशेच विड्या,
हजाराच्या जागी.
उरलेल्या राजमणीनं वळल्या,
नणंद असून.
हिशोबात धरू नको, म्हणाली.

रात्री भिंत तापलेलीच असते,
सोलापूरची भिंत.
मनगट तिच्याहून गरम.
पान तडकू नये म्हणून
ओल्या फडक्यात ठेवतो आम्ही,
तसंच गुंडाळते त्याला
आणि तेलुगूत विचारते,
आई विचारायची तशी,
काय रे, काय पाहिजे तुला?

सांगत नाही.
फडकं वाळतं.
उठून पुन्हा भिजवते,
डाव्या हातानं.