सही

जांबोटीच्या दवाखान्यात एकोणीस वर्षं
मी शिरा शोधते आहे.
उपाशीपोटी आलेली माणसं,
बाही वर, तोंड भिंतीकडे.

डिप्लोमा घेतला तेव्हा तो पुरत होता.
मी काही आखूड झाले नाही,
नियमच वाढला
खिडकीबाहेरच्या निलगिरीसारखा,
कुणी पाणी न घालता.

बेंगळुरूहून कागद आला, कन्नडात.
वाचला मी. येतं मला वाचायला.
रिपोर्टवर सही आता पदवीवाल्याची.

ती प्रज्वल करतो.
पोरगा चांगला आहे, मॅडम म्हणतो,
स्लाइड माझ्याकडे सरकवून
हळूच विचारतो, हे काय असेल?
मी सांगते. तो लिहितो.

काल मल्लव्वाला त्यानं दोनदा टोचलं.
तिनं हात ओढून घेतला
आणि माझ्यापुढे धरला,
"अक्कार, नीव तगीरी."
प्रज्वल खुर्चीतून उठला.
अंगठ्यानं दाबून पाहिलं मी.
होती की.
खोल, जराशी डावीकडे सरकलेली.

रात्री लेकीचा फॉर्म भरायला बसलो.
किती वर्षांचा कोर्स?
चार, म्हणाली.
पुढचा कुठला असेल
तर तोही बघून ठेव, म्हटलं,
आणि दिव्याची वात नसलेला बल्ब
जरा तिच्याकडे वळवला.