अर्ध्या किमतीचं

चौथीचं मराठीचं पुस्तक अर्ध्या किमतीत घेतलं होतं,
मे महिन्यात, पाटोद्याच्या अलीकडच्या एका वस्तीवर.
सिमेंटच्या गोणीचं कव्हर, दाभणानं ओवलेली सुतळी,
आत शाईनं : कु. चंद्रकला रामकिसन तांदळे,
हजेरी क्रमांक नऊ.

धडे तसे आठवत नाहीत.
एक हत्ती होता. एक न्यायी राजा.
कुणीतरी रोज बोटीनं शाळेत जायचं.
आठवतं ते समासातलं.
राजाला तिनं आमच्या गुरुजींचा चष्मा काढलेला.
'समुद्र' शब्दाखाली पेन्सिलीची रेघ,
बाजूला प्रश्न : म्हंजी केवढा?
आणि खाली, बऱ्याच दिवसांनी असावं, अक्षर सुधारलेलं,
मांजरा नदीच्या पुरावानी. पण रोजच.
(पुढं नोकरीत समुद्र पाहिला.
ताडून बघितलं. बरोबर आहे.)

स्वाध्याय सगळे सोडवलेले.
मी नुसते उतरवायचो, चुकांसकट.
गुरुजींनी एकदा वही वर धरून विचारलं,
'आशिर्वादा'ची ही पहिली वेलांटी
तांदळ्याच्या पोरीकडनं आणली का रे?

अकराव्या धड्यापर्यंत.
बाराव्यापासून पानं कोरी,
कोपरेसुद्धा न दुमडलेले.
तिथंच कुठंतरी दिवाळी सरली असणार,
गाड्या जुंपून वस्ती
कारखान्याच्या वाटेला लागली असणार.

मग मला धडा
पहिल्यांदा स्वतः वाचावा लागला.
'लेखकाला काय सुचवायचे आहे?'
खाली तीन रिकाम्या ओळी.
मी पेन्सिल चावत बसलो,
घंटा होऊन गेली तरी.