सेकंड माल

अंगठा ठेवला की मशीन म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा.
पुसून ठेवला. पुन्हा प्रयत्न करा.
मागे रांग. आठचा भोंगा होऊन गेलेला.
मग बुरा सुपरवायझर वही काढतो,
माझ्या एकटीसाठीची, शाळेची, शंभर पानी,
आणि लिहितो : अनसूया येमूल, हजर.
हाताकडे न बघता लिहितो. माणूस चांगला आहे.
सहीला मात्र स्वतःचं पेन देत नाही,
वेगळं ठेवलंय, सुतळीने बांधून.

अक्कलकोट रोडच्या या कारखान्यात
अकरा वर्षं मी टॉवेलांच्या घडीवर होते.
झटकायचा, ट्यूबलाइटपुढे धरायचा,
सुटला धागा, तेलाचा डाग, आडवी रेघ
दिसली की सेकंडमध्ये टाकायचा.
बाया म्हणायच्या,
अनसूयाच्या हातून डाग निसटत नाही.

मग काळ्या टॉवेलांची ऑर्डर आली, कुठल्याशा हॉटेलची.
पांढऱ्यावर जे इतकी वर्षं दिसलं नव्हतं
ते काळ्यावर दिसलं.
आधी मलाच. सांगितलं ना, नजर चांगली होती.
वाटलं, कापसाची तूस.
झटकली. झटकायला वाकले
तशी कोपरावरून आणखी पडली,
बारीक, चंदेरी.

कुणी काही बोललं नाही.
जेवणाच्या सुट्टीत शेंगाचटणीचा डबा तेवढा
माझ्या अलीकडूनच वळला.
दुसऱ्या दिवसापासून मी मागच्या शेडमध्ये, बॉबिनी निवडायला.
रोजामागे चाळीस रुपये कमी.

सिव्हिलचे डॉक्टर म्हणाले, सोरायसिस.
कुणाला लागत नाही हे.
म्हटलं, एवढं लिहून द्या.
त्यांनी लिहून दिलं, इंग्रजीत.
डब्याच्या पिशवीत आहे अजून,
घडीवर फाटलंय.
दाखवायचं कुणाला?
कुणी विचारलं तर दाखवायचं ना.

रात्री एकला जाग येते.
गल्लीत कुणाचा तरी माग चालू असतो,
खटक् खटक्, त्याच तालावर माझी नखं.
लाइट गेली की माग थांबतो.
मी नाही.

एप्रिलात श्रीलताला बघायला पाहुणे आले, तेलंगणातून.
त्रेचाळीस डिग्रीत मी पूर्ण बाह्यांचा ब्लाऊज घातला,
पदर मनगटापर्यंत.
मुलाच्या आईने विचारलं, ताप आहे का तुम्हाला?
हो म्हटलं.
मला वाटलं, तापच बरा.
ते गेल्यावर श्रीलताने कप उचलले,
एकात चहा तसाच होता, साय धरलेला.
तो माझ्या हातून दिलेला होता का,
दोघींनाही आठवेना,
निदान तसं म्हणालो.

डॉक्टर असंही म्हणाले होते,
सकाळचं कोवळं ऊन पाठीला द्या.
हसूच आलं मला. सोलापुरात
ऊन चिठ्ठीवर लिहून देतात!
ज्याला अख्खं गाव शिव्या घालतं
त्याची मी आता वाट बघते,
गड्ड्याच्या थंडीत तर फारच.

गच्चीवर चार दोऱ्या बांधल्यात.
कारखान्यात किलोवर मिळतो सेकंड माल,
ते टॉवेल चारी बाजूंनी सोडलेत.
एकावर डाग, एकाची कड उसवलेली,
एक आडव्या रेघेचा तर मीच बाजूला टाकलेला,
ओळखते मी त्याला.
मधे पाटावर बसते, पाठ उघडी टाकून.
वरून घार तेवढी बघते.
हात पोचतो तिथवर खोबरेल,
मधला पट्टा कोरडाच राहतो.

आज टॉवेल बाजूला झाला.
मी पटकन पदर ओढला.
श्रीलता होती. हातात वाटी.
म्हणाली, अम्मा, सरक थोडं.
आणि हात ठेवला पाठीवर,
बोटांची टोकं नव्हे, अख्खा पंजा,
त्या मधल्या पट्ट्यावर.

नखं कापून आली होती.

मी मागे वळले नाही.
खाली कुठेतरी भोंगा झाला.
मशीनपुढे रांग लागली असेल,
बुराने वही काढून ठेवली असेल.
म्हटलं, असू दे
जरा उघडी.