भोंगा दुरुस्त करणेबाबत

आदेश मोबाइलवर आला, मंगळवारी, रात्री पावणेअकराला.
पान वाकडं स्कॅन केलेलं,
साहेबांची सही अर्धी कागदाबाहेर.
'उद्या दुपारी चारच्या आत भोंगा वाजता करणे.'
कशासाठी, ते दुसऱ्या पानावर असावं.
दुसरं पान आलंच नाही.

बैठक कुठं झाली, किती वेळ चालली,
कोण आधी 'होय' म्हणालं आणि कोण नुसतं पाण्याच्या पेल्याकडं बघत राहिलं,
मला काय माहीत.
मी कॉर्पोरेशनात वायरमन.
माझ्यापर्यंत युद्ध आलं ते जावक क्रमांकासकट.

सकाळी मी आणि रियाज जुन्या मनोऱ्यावर चढलो.
शेवटच्या चाचणीची तारीख पत्र्यावर होती, गंजानं खाल्लेली.
झाकण काढलं तर आत उंदराचं घर,
सगळं सुताचं:
लाल, पोपटी, चादरीवरच्या मोराचं निळं,
बंद पडलेल्या मागांखालची पिंज गोळा करून आणलेली.
चार पिल्लं. डोळे मिटलेले.
रियाज म्हणाला,
'यांना कुठं ठिवायचं बे, आदेशात काय लिवलंय का?'

वरून गाव दिसत होतं.
पेट्रोलची रांग कन्ना चौकातून वळून दिसेनाशी झालेली.
बिराजदाराच्या दुकानात मीठ संपलं.
मीठच का, कुणी विचारलं नाही,
पुढच्यानं पाच पुडे घेतले म्हणून मागच्यानं दहा.
गड्डम शेठचे टॉवेल बंदरात अडकले
आणि त्याच दुपारी
हिरव्या ठिपक्यांच्या कापडाची चौकशी आली.
शेठ हसावं की नको अशा तोंडानं
कारखान्याच्या दारात उभा, फोन छातीशी धरून.

अक्काचा फोन तीनदा येऊन गेला.
तिचा सिद्राम तिकडं वर आहे,
सोमवारपासून लागत नाही.
'तू तर सरकारात आहेस, मल्लू. विचार की कुणाला तरी.'
अक्का, मी रस्त्यावरचे दिवे लावतो.
आता तर तेही रात्री आठला बंद करायचे आहेत,
तेवढं मला सांगितलंय.

चारला दोन मिनिटं कमी असताना बटण दाबलं.
आधी खोकला. मग धूळ. मग तो आवाज
पत्र्यांवरून, तलावावरून, शाळांच्या मैदानांवरून.
पोरं बाकांखाली गेली, शिकवल्याप्रमाणं.
बँकेतला एक माणूस पैसे मोजता मोजता
पहिल्यापासून मोजू लागला.
आणि साखर पेठेत नरसम्मा कोंडा,
वय पंच्याऐंशी, मांडीवर विड्यांचं सूप,
ताडकन उठली,
डब्याचं फडकं शोधू लागली.
सून ओरडली, 'अत्तम्मा, खाली बसा, युद्ध आहे!'
ती तेलुगूत म्हणाली, 'गिरणीची पाळी सुटली.
माणूस उपाशी येईल.'

मी अहवाल भरला.
भोंगा वाजला: होय.
आवाज समाधानकारक: होय.
शेरा: निरंक.
पिल्लं रियाजच्या डब्यात, झाकण अर्धं उघडं,
आईचा पत्ता नाही.

रात्री आठला दिवे काढले.
अंधारात अक्काचा फोन.
'काय वाजलं रे ते? कुंभारीतली माणसं बोलत होती.'
'काही नाही. भोंगा. नीट चालतो का बघितला.'
'चालतोय का?'
'चालतोय.'
बराच वेळ नुसता तिचा श्वास.
मग म्हणाली,
'सिद्राम आहे तिथं कोण वाजवतं?'