उजव्या कोपऱ्यात, जरा खाली

हिल्टाऊनच्या उतारावर बर्फ नव्हता,
नुसतं दव गोठलेलं.
मी सावरले. फोन नाही सावरला.

आता काचेवर कोळिष्टक आणि आत काळं मिट्ट.
पण गेलेला नाही.
पहाटे पाच दहाला नेमाने घरघरतो
बेकरीच्या पाळीसाठी,
जी नोव्हेंबरातच सुटली माझी.
गजर थांबवायची जागा त्या काळोखात कुठेतरी आहे.
मी चाचपते, तो घरघरतो,
लाकडी जमीन त्याच्यासोबत घरघरते,
मग दमून दोघं गप्प होतात.
मला धरून तिघं.

त्यातले मला सातच फोटो हवेत,
राहायला आले त्या दिवशीचे:
खिडकीखाली पोपडे, न्हाणीच्या छतावर बुरशी,
मिशी फुटणाऱ्या मुलाच्या ओठावर असते
तसली कोवळी लव.
घरमालक गेडिस म्हणतो, ही ओल तुझ्या भाताच्या वाफेची.
सहाशे चाळीस पाउंड अनामत
कुकरच्या तीन शिट्ट्यांत गडप.

केबल जोडली. लॅपटॉप टुणकन बोलला,
फोनचं नाव सांगितलं, आत डोकावला,
म्हणाला, रिकामं आहे.
रिकामं कसं असेल?
त्याने फोनला विचारलंय, आणि फोन मला विचारतोय
त्या काचेआड, जिथलं मला वाचता येत नाही:
ह्याला आत घेऊ का?
हो म्हणायला माझी ना नाही.
पण हो कुठे आहे?

आमच्याकडे विश्वास पानिपतात गेला म्हणतात.
डंडीत तो दीड सेंटिमीटरवर अडलाय.

तेवढ्यात दार वाजलं. खालच्या मजल्यावरची मोराग,
दुपारचे दोन, अंगात अजून गाऊन.
तिचं छत रोज पहाटे भुंग्यासारखं गुणगुणतं,
तेवढंच सांगायला आली होती.
मी फोन दाखवला.
तिने गाऊनच्या खिशातून स्वतःचा काढला:
तोच. त्याच दुकानातला, त्याच सेलमधला,
फक्त पाठीवर मांजराचं स्टिकर.

खाली जाऊन ती बटर पेपर घेऊन आली.
चाळीस वर्षं पडदे शिवलेत तिने,
हॉटेलांचे, दवाखान्यांचे, एका तुरुंगाच्या ऑफिसचेसुद्धा.
तिचा फोन केबलला लावला, प्रश्न उजळला.
त्यावर कागद धरून पेन्सिलीने चौकट काढली,
चष्मा कपाळावर, जीभ ओठांच्या कोपऱ्यात,
नखं कापायच्या कात्रीने इवलीशी खिडकी कापली
आणि कागद माझ्या काळ्या काचेवर पसरला.
काठाला काठ.
"हलू नकोस, पोरी."

आधी कुलूप. ते बोटाला पाठ होतं:
खाली, खाली, उजवीकडे, वर.
कुणी तोंडी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.
मग खिडकी.
टेकवलं.

लॅपटॉप क्षणभर गप्प.
मग भरायला लागला.
ओल आधी नाही आली. आधी आला माझाच अंगठा,
मग खिशातला अंधार, बसची पाटी,
पीठ माखलेली इव्होना, डोक्यावर जाळी, हसताना डोळे मिटलेले,
अर्धा केक, एक बूट,
पुन्हा अंगठा.
तीन हजार दोनशे.
मोराग एकेक बघत बसली
परक्या लग्नाचा अल्बम बघावा तशी,
हे कोण, आणि हे कोण.
बुरशी सापडली तोवर चहा गार.
मी म्हटलं, मिशी बघ कशी कोवळी.
ती म्हणाली, गेडिसला पण अशीच होती,
माझ्या भावाच्या वर्गात होता तो.
कुणाकडे पैसे बुडवले, तेही सांगितलं.

जाताना कागदाला तिने आणखी एक भोक पाडून दिलं.
गजराचं.

दुसऱ्या दिवशी पाच दहाला तो घरघरला.
कागद ठेवला, बोट टेकवलं, थांबला.
झोप मात्र आली नाही.
पाच पंधराला खालून किटलीची शिट्टी.
तीही जागीच.