रकाना : चव

बेसिनशेजारी स्टीलच्या वाटीत
पिळून झालेल्या लिंबाच्या दोन फोडी असतात,
रोज संध्याकाळी, मी यायच्या आधी.
सहा वर्षं झाली.
आई त्याबद्दल बोलत नाही, मीही नाही.
चैत्रात लिंबू दहाला एक झालं
तेव्हा ती भाजीवाल्यावर जरा जास्तच चिडली, एवढंच.

ससून डॉकजवळच्या प्रयोगशाळेत मी मासे तपासते.
सुरमई, हलवा, कोळंबी
जहाजावर चढण्याआधी माझ्या सहीसाठी
बर्फात थांबतात.
कल्ला उचलून रंग बघायचा,
डोळा फुगीर आहे की आत गेलाय,
अंगठ्याने दाबलं तर मांस परत वर येतं का.
गेल्या मार्गशीर्षात ठाण्याच्या वैशंपायनांनी
मला असंच पाहिलं.
फक्त दाबलं नाही.
"मुलगी नक्की काय करते?"
"पाण्याची तपासणी," आई म्हणाली.
खोटं नव्हतं ते,
काठावर उभं राहून सांगितलेलं होतं.

डॉकवर मोतनबाई मला 'बामनाची' म्हणते.
"सारखे हात काय धुतेस गो, मासळी डसत नाय."
शीवच्या घरी अच्युतकाका म्हणतात, "आली आमची कोळीण!"
हसतात,
आणि पाण्याचा पेला
स्वतः उठून घेतात.

आमच्या तक्त्यात एक रकाना आहे : चव.
उकडलेला तुकडा, मीठ नाही, तिखट नाही,
जिभेवर धरायचा, चघळायचा,
गोडसर, सपक, आंबूस, काय असेल ते लिहायचं,
आणि थुंकायचं.
सहा वर्षं मी थुंकले.
जीभ नोकरीची, घसा घरचा,
मध्ये चार बोटांचा उंबरा.

भाद्रपदात बाबांचं श्राद्ध होतं.
गुरुजी म्हणाले, "हल्ली मुलीही करतात, आमची हरकत नाही."
काकांची होती.
म्हणून पिंड कौस्तुभने दिले.
त्याचं जानवं गाडीच्या कप्प्यात असतं, गॉगलखाली.
शनिवारी तो तिसऱ्या खायला जातो
आणि मला फोन करतो, ताज्या कशा ओळखायच्या.
मी लांबून दर्भ पुरवला, तीळ पुरवले.
कावळा लवकर आला. बाबांना कधीच
कुणाला ताटकळत ठेवता आलं नाही.
कंटेनर अडकला होता,
माझं पान तसंच झाकून मी कामावर गेले.

त्या दुपारी पेटीत घोळ होता.
(माशाचंच नाव आहे,
मी काही वेगळं सुचवत नाहीये.)
तुकडा जिभेवर ठेवला, चघळला,
थुंकायचं भांडं समोरच होतं,
आणि गिळला.
बंड वगैरे नव्हतं.
सकाळपासून उपाशी होते म्हणा.
किंवा पंचांनी दर्भ मागितला की दर्भ द्यायचा,
तीळ मागितले की तीळ,
अशा दिवशी हाताला एखादी गोष्ट
न विचारता करावीशी वाटते. घशाला वाटली.

घरी आले. फोडी होत्याच.
हात चोळले, नखं चोळली.
लिंबू घशात उतरवून उपयोग नसतो.
आई पान वाढायला घेत होती,
वडे, खीर, आमसुलाची चटणी.
म्हटलं, "आई, आज गिळला."
तिने डाव पातेल्यात ठेवला.
बराच वेळ फ्रीजच तेवढा घुमत होता.
मग म्हणाली,
"काटा नव्हता ना?"

"नव्हता."
"खीर उद्या घे. आज यातलं नको."
आणि दहीभात कालवला तिने, माझ्यासाठी,
स्वतःच्या हाताने, लहानपणी कालवायची तसा मऊ,
आणि समोर बसून राहिली.
मला राग आला होता.
मी सगळा भात खाल्ला.

रकान्यात काय लिहिलं
ते तिने विचारलं नाही.
लिहिलं होतं : गोडसर.
खाली सही, पूर्ण नावाची.
मधलं बाबांचं.